चौकात बसून राहिलेला नवरा

नंदू सबनीसानं त्रिपोलीत दुसरं घर केलंय, ही कुजबूज टोरांटोच्या मराठी मंडळात सुरू झाली ती वटपौर्णिमेला, एटोबिकोला, प्रभा दातारच्या लिव्हिंग रूममध्ये. आता कॅनडात वड कुठून आणायचा? प्रभानं नर्सरीतून वडाच्याच कुळातलं फायकसचं झाड आणून मोठ्या कुंडीत लावलं होतं. दरवर्षी सोफा भिंतीला सरकवायचा आणि बायकांनी त्या कुंडीभोवती दोरा गुंडाळत फिरायचं, की हाच नवरा सात जन्म मिळो. २०१२ साली सुनेत्रा सबनीस त्या फेऱ्यांना आली नाही. कुणीतरी सहज विचारलं, का नसेल आली गं? तिसरी फेरी संपायच्या आत उत्तर तयार होतं. नवरा लिबियात, ही इथे, तिथलं युद्ध संपूनही महिने झाले, तरी माणूस यायचं नाव घेत नाही, आणि आता ही वडालाही येत नाही. साबुदाण्याची खिचडी ताटात पडेपर्यंत ती दुसरी बाई ट्युनिशियाची झाली होती. रताळ्याच्या किसापर्यंत ती विधवा झाली. घाऱ्या डोळ्यांची तर ती पहिल्यापासूनच होती.

सुनेत्रा आली नव्हती, कारण तिची ग्रोसरी स्टोअरमध्ये शिफ्ट होती. पण हे तिला कुणी विचारलंच नाही.

तेव्हा ती व्हिटबीला, मुलाच्या, राजसच्या बेसमेंटमध्ये राहत होती. पंचवीसेक वर्षं त्रिपोलीतल्या भारतीय शाळेत भूगोल शिकवलेली बाई, साठीकडे झुकताना केळ्यांच्या घडांवर स्टिकर लावत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात गोळीबार सुरू झाला, भारत सरकारनं विमानं पाठवली, आणि सुनेत्रा दोन बॅगा घेऊन निघाली, ती भारतातून पुढे राजसकडे कॅनडाला. नंदू तिला सोडायला आला होता. म्हणाला, तू हो पुढे, हातातलं काम उरकून येतो.

काम काय, तर दिवे. नंदू इलेक्ट्रिकल इंजिनिअर. एका परदेशी कंपनीकडे त्रिपोलीच्या मुख्य चौकातल्या दिव्यांचं कंत्राट होतं आणि नंदू तिच्याकडे कामाला होता. या चौकाबद्दल नंदूला एकदा बोलतं केलं की संपलंच. लाल किल्ल्याच्या पायथ्याशी, बंदराला लागून तो चौक. एका बाजूला जुन्या शहराच्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला इटालियनांनी बांधलेले कमानीदार रस्ते, मध्ये उंच खांब, त्यावर धातूचं छोटं जहाज. पूर्वी तिथे पावाचा बाजार भरायचा. इटालियन आले, त्यांनी चौक रुंद केला आणि त्याला आपल्या देशाचं नाव दिलं. ते गेले, राजा आला, तो स्वातंत्र्य चौक झाला. राजा गेला, कर्नल आला, तो हिरवा चौक झाला. दर एक सप्टेंबरला क्रांतीची परेड, आणि आदल्या आठवड्यात सगळे दिवे हिरवे करायचं काम नंदूकडे. लोकांचे चेहरे त्या उजेडात कावीळ झाल्यासारखे दिसायचे, असं तो सांगायचा. ज्याला देश हवा तो आधी त्या चौकात येऊन उभा राहायचा. आणि ज्याला देश वगैरे काही नको, तो संध्याकाळी पोराला सायकल शिकवायला यायचा.

दर रविवारी फोन यायचा. सुनेत्रा विचारायची, कधी येताय? तो चौकाची हकीकत सांगायचा. कर्नल किल्ल्याच्या तटावर उभं राहून बोलला. ऑगस्टमध्ये बंडखोर चौकात शिरले. मग, पाटी काढली, आता शहीद चौक म्हणायचं. सगळे दिवे पुन्हा पांढरे करायचेत. बरं, तुम्ही कधी येताय? तर विमानतळ बंद आहे. विमानतळ उघडला तेव्हा देशाबाहेर जायचा शिक्का मिळत नव्हता, कारण तिथे बाहेर पडायलाही परवानगी लागते आणि ती कंपनीनं मागायची असते. २०१४ मध्ये पुन्हा लढाई पेटली. उरलेसुरले भारतीयही निघाले. नंदू राहिला. मग कोविड आला. जगात इतकी संकटं आली आणि त्यातलं एकही नंदूनं वाया घालवलं नाही.

इकडे कुजबुजीनं सुनेत्राचं भलंच झालं, हे कबूल करायला हवं. नवऱ्यानं दुसरी केली म्हटल्यावर मंडळाच्या बायका तिच्याशी मऊ झाल्या. गणपतीला तिच्या डब्यात जास्तीचे मोदक पडत. कुणाचा नवरा तिचे विंटर टायर बदलून द्यायचा, कुणी तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून जायचं. तिनं कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. कुणी विषय काढला की ती पदर सारखा करायची आणि चहाचं विचारायची. आणि हळूहळू तिला स्वतःलाही ते पटलं. बेसमेंटमध्ये एकटी जेवताना ती त्या बाईशी मनातल्या मनात भांडायची. भांडायला समोर कुणीतरी आहे, याचा मोठा आधार असतो. टाकलेल्या बाईला निदान कारण तरी असतं.

मग मागच्या वर्षी नंदू त्रिपोलीत जिन्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. राजस गेला, ट्युनिसमार्गे त्याला घेऊन आला आणि नॉर्थ यॉर्कला सुनेत्राच्या वन बेडरूम कॉन्डोत आणून ठेवला. तोवर सुनेत्रा बेसमेंटमधून वर आली होती, डेकेअरमध्ये नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी होती. नात अपूर्वा दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, इज दॅट द गाय?" राजसनं तिला डोळ्यांनी दटावलं. सुनेत्रा म्हणाली, हो, हेच ते.

प्रभाला बातमी लागायला वेळ लागला नाही. ती ढोकळा घेऊन हजर. नंदूच्या काठीकडे बघत म्हणाली, "भावजी, आलात ते बरं झालं. आमची सुनेत्रा वाट बघून बघून वड व्हायची बाकी होती." आणि निघताना आमंत्रण देऊन गेली. सिव्हिक सेंटरमध्ये ज्येष्ठांचा कट्टा भरतो, येत्या शनिवारी भावजींनी लिबियावर बोलावं. बायकांना लिबियात किती रस होता ते सुनेत्राला चांगलं कळत होतं.

शनिवारी ती त्याला घेऊन निघाली. सिव्हिक सेंटरच्या पुढ्यात मोठा चौक आहे, हिवाळ्यात तिथल्या पाण्याचा बर्फ करतात आणि पोरं स्केटिंग करतात. नंदूला दम लागला म्हणून दोघं बाकावर बसली. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, चौक छान आहे, पण इथे कधी कुणा राजाला, कर्नलला खाली खेचलेलं दिसत नाही. दिवे मात्र चांगले आहेत.

सुनेत्रानं तेव्हाच विचारायचं ठरवलं. आत गेल्यावर प्रभा विचारणार, त्याच्या आत.

"तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"अहो, आता कशाला? मी काही आदळआपट करणार नाही. नाव सांगा फक्त."

नंदूला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो जरासा हसला, आणि ते हसू तिला आयुष्यात पहिल्यांदाच किळसवाणं वाटलं.

"अगं, कुणी नव्हतं. खरंच. काम सुटलं की चौकात जायचो. कमानीखाली एक कॉफीवाला होता. खुर्ची टाकून बसायचो. कुणी काही विचारायचं नाही."

"आणि विमानतळ? शिक्का?"

"शिक्का मिळाला असता. मागितला नाही मी."

"का?"

"बरं वाटायचं तिथे," तो म्हणाला.

समोर एक लहान पोर बर्फावर पडलं, उठलं, पुन्हा पडलं. सुनेत्रा त्याच्याकडे बघत राहिली. एखादी बाई असती तर ती घारी होती, तरुण होती, ओढून नेणारी होती, असं म्हणता आलं असतं. खुर्चीला काय म्हणायचं? कॉफीला कोणत्या तोंडानं शिव्या द्यायच्या? आणि ही गोष्ट जर आत, त्या हॉलमध्ये, प्रभाच्या तोंडी पडली, तर पुढच्या गणपतीला आपल्या डब्यात काय पडेल, हेही तिला दिसलं. मोदक तर नाहीच. लोक हसतील. बिचारी, तिच्यापेक्षा कॉफीवाला बरा.

ती उठली. कोटाची चेन लावली. म्हणाली, "आत कुणी विचारलं तर हे सांगायचं नाही."

"मग काय सांगायचं?"

"इतकी वर्षं माझ्याशी जे करत आलात तेच करा. काहीतरी सांगा. यांच्या मते ती ट्युनिशियाची आहे."

कट्ट्यावर गर्दी झाली होती. नंदूनं चौकाची सगळी गोष्ट सांगितली. पावाचा बाजार, राजा, कर्नल, हिरवे दिवे, पांढरे दिवे. नागपूरचा एक निवृत्त इंजिनिअर व्होल्टेजबद्दल विचारू लागला तेव्हा प्रभानं त्याला मध्येच थांबवलं. "भावजी, चौक राहू द्या आता," ती म्हणाली. "चौकाजवळचं घर सांगा."

बायकांनी खुर्च्या पुढे सरकवल्या. सुनेत्रानं पर्सचा बंद हातात घट्ट धरला.

नंदूनं मान खाली घातली. मग हळूहळू सांगू लागला. ट्युनिशियाची होती, म्हणाला. शिवणकाम करायची. संध्याकाळी काम संपलं की भेट व्हायची. फार बोलायची नाही. शेजारी बसलं की दिवसभराचा शीण उतरायचा. समुद्रावरून वारा यायचा तेव्हा तर काही नको वाटायचं, घर नको, गाव नको. लोक यायचे, जायचे, घोषणा द्यायचे, झेंडे बदलायचे, आणि आपण आपले तिथे. इतकं सुख आयुष्यात कधी मिळालं नाही.

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रभानं सुनेत्राचा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. चहाला सगळ्याजणी तिच्याभोवती होत्या. कुणी म्हणालं, पुरुषांची जातच तशी. कुणी म्हणालं, तरी तू घरात घेतलंस, तुझं मन मोठं. सुनेत्रानं पदर सारखा केला आणि चहात साखर आहे का ते विचारलं. नंदू कोपऱ्यात एकटाच बसला होता, हातात कागदी कप. खिडकीतून खालच्या चौकाकडे बघत होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि त्याचा चेहरा चांगला प्रसन्न दिसत होता.

त्रिपोलीत कुणी बाई नव्हती. नंदूला बायकोकडे यायचं नव्हतं, म्हणून तो आला नाही.