आकाशातून बोलणारे सासरे

लढाईआधी शत्रूला नीट समजावून सांगायला हवे, आणि तेही आकाशातून, असे मानणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि नेमकी त्याचीच मुलगी मला दिली होती. मी ठाण्याला मास्तर, सासुरवाडी कल्याणची. पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा जावयाला निदान चांदीची वाटी मिळेल अशी माझी समजूत. सासऱ्यांनी माझ्या हातात दोराचे टोक दिले. म्हणाले, "जावईबापू, घट्ट धरा. सुटलं तर थेट भिवंडीला जाईल." दोराच्या वरच्या टोकाला त्यांचे विमान होते. गवताच्या धुराने फुगून वर जाणाऱ्या कापडी फुग्याला तेव्हा आम्ही विमानच म्हणत असू.

सासरे पलटणीच्या रसदखात्यात कारकून होते, काबूलच्या मोहिमेवर जाऊन आलेले. पेन्शनीत निघाल्यावर मुंबईत त्यांनी एका गोऱ्याला अशाच फुग्याला लटकून वर जाताना पाहिले आणि घरी आले ते सासूबाईंची जुनी लुगडी मागतच. लुगडी जोडून, त्यांवर खळीचे हात देऊन एक अवाढव्य पिशवी तयार झाली. तिच्याखाली पत्र्याचा कर्णा, तोंड जमिनीकडे. आणि कर्ण्यापासून खालपर्यंत चामड्याची लांबच लांब नळी, पखाली शिवणाऱ्याकडून करवून घेतलेली. खाली नळीत बोलले की आवाज वर जाऊन कर्ण्यातून साऱ्या मुलखावर पडे. खोट एकच होती. धूर निवला की विमान खाली येई, त्यामुळे शत्रूचे मनपरिवर्तन एक विडा चघळून होईस्तोवर उरकावे लागे. या सरावाने सासऱ्यांना घाईघाईने गोड बोलायची सवय जडली होती. दारात भाजीवाली आली तरी म्हणत, "बाई, तुझ्यामाझ्यात वैर नाही, तेव्हा वांगी काय भावाने देतेस ते शांतपणे सांग." एकदा शेजारची म्हैस परड्यात शिरली. काठी न उचलता त्यांनी विमान चढवले आणि वरून तिची समजूत घातली. म्हैस घाबरून निघून गेली. पण आमची गायही दावे तोडून तिच्यामागून गेली. "दोन्ही बाजूंवर परिणाम होतो," सासरे समाधानाने म्हणाले.

याच गुणाने सरकारदरबारी त्यांचे काम फसले. एक लष्करी साहेब विमान पाहायला मुद्दाम आला होता. त्याने विचारले, "शत्रूला काय सांगणार?" सासरे म्हणाले, "घरी जा." "आणि आमच्या शिपायांना?" "तेच, साहेब." साहेब मनमुराद हसला, सासूबाईंच्या करंज्या खाऊन गेला, आणि पुन्हा फिरकला नाही.

एकदा धीर करून मी विचारले, "पण हे तुमच्या मनात आलं कुठून?" सासरे नळीचे तोंड धोतराच्या सोग्याने पुसत होते. म्हणाले, "काबूलच्या वाटेवर खिंडीत समोरचे लोक काहीतरी ओरडत होते. वारा उलटा. आमच्या साहेबाला वाटलं, शिव्या देताहेत. तोफा सुटल्या. मग एक जखमी पठाण सापडला, त्यानं दुभाष्याला सांगितलं. ते ओरडत होते, आम्ही वाट सोडतो." बराच वेळ ते नळी पुसत राहिले. त्यानंतर मी त्यांच्या विमानाला कधी हसलो नाही.

पुढच्याच वर्षी खाडीकाठच्या दोन गावांत पेटले. दोन्हीकडे मिठागरावर राबणारी आणि खाजणात भात लावणारी माणसे. मधला बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले होते, आणि तो पलीकडच्यांनी फोडला असे प्रत्येक गाव म्हणत होते. कोयते, बांबू घेऊन माणसे समोरासमोर उभी राहिल्याचे कळताच सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली. "अहो, उगीच मध्ये पडू नका," सासूबाई म्हणाल्या. "मध्ये नाही, वर," म्हणून ते निघाले. मागे गवताच्या पेंढ्यांवर मी.

आम्ही पोचलो तेव्हा शिव्यांचा गदारोळ चालला होता. मी गवत पेटवले, विमान झुलत वर गेले, आणि सासऱ्यांनी पाठ केलेले भाषण सुरू केले. "हे वीरहो!" आभाळ गरजले. सगळे गप्प. "वरशी कोन बोलतंय रं?" कोणीतरी विचारले. "मी कल्याणचा पेन्शनर कारकून," आभाळ म्हणाले, आणि पुढचे भाषणच विसरले. मग सासरे साध्या आवाजात बोलले, "माझं राहू द्या. तुम्हाला काय म्हणायचंय? एकेकानं येऊन ह्यात बोला. बाकीच्यांनी ऐका."

कोणी हलेना. शेवटी एक म्हातारा पुढे आला, कोयता कमरेला तसाच. नळीला तोंड लावून म्हणाला, "आमचं भात खारं झालं. बांध कशाला फोरला?" पलीकडून एक म्हातारी चिखल तुडवत आली. "आमी नाय फोरला, बाबा. भरतीनं फुटला. आमचं पन भात गेलं." मागे उभ्या असलेल्या बायकांकडून हुंदका ऐकू आला. मग आणखी एक आला, मग आणखी एक. बोलायला रांग लागली. विमान खाली आले की पुन्हा धूर भरून वर सोडायला मी पेंढ्या संपवल्या, गाडीतली चटई जाळली, शेवटी माझी छत्री. तरी विमान कलंडले आणि दोन गावांच्या मधोमध तिवरांत जाऊन अडकले. ते सोडवायला दोन्हीकडची माणसे चिखलात उतरली. कोयते त्या दिवशी तिवरांच्या फांद्यांवरच चालले, आणि दिवस मावळायच्या आत बांध कुठून बुजवायचा याची बोलणी सुरू झाली.

विमानाच्या चिंध्या झाल्या होत्या. सासऱ्यांनी नवे, मोठे शिवायला घेतले. ते अर्धे झाले आणि सासरे गेले. तेराव्यानंतर ती माणसे भेटायला आली, दोन्ही गावची, एकाच होडीतून. अंगणात दाटीवाटीने बसली. कोयतेवाल्या त्या म्हाताऱ्याने अर्धवट शिवलेल्या कापडाची शिवण बोटांनी चाचपली. "दोरा कच्चा हाय," तो हलकेच म्हणाला. "आमच्याकरं होरीच्या शिडाची सुई हाय. आमी शिवून देतू." मी सासूबाईंकडे पाहिले. त्या आत गेल्या आणि एक धुवट लुगडे घेऊन बाहेर आल्या. "कमी पडलं तर हे घ्या," म्हणाल्या. त्यांनी ते कापडाच्या घडीवर ठेवले, आणि सहा जणांनी मिळून ती घडी खांद्यावर घेतली.