कागदी कपातला चहा

"तीन आठवडे झाले, एकही इन्सिडंट नाही. मग तू तिथे जातेस कशाला?" माझी सुपरवायझर फोनवर विचारत होती. मी अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका टाउनहाउससमोर गाडीत बसले होते. शुक्रवारी इन्शुरन्सचा रिव्ह्यू. तोपर्यंत थेरपीची गरज दाखवता आली नाही, तर रियाची घरातली थेरपी बंद.

मी बिहेवियर थेरपिस्ट आहे. ज्या मुलांचा राग मारहाणीपर्यंत जातो, त्यांच्या घरी जाऊन काम करते. आमचं मुख्य हत्यार म्हणजे साधा तक्ता. भडका उडण्याआधी काय झालं, मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं. आईवडिलांनी रोज भरायचा.

रिया नऊ वर्षांची. वर्गात खुर्ची फेकली म्हणून शाळेने माझ्याकडे पाठवलेली. घरच्या तक्त्यात मात्र रोज शून्य. वडील सचिन सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मॅनेजर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस. मी शनिवारी अकराला जायचे. घर लखलखीत, रिया "हाय, मीनल मावशी" म्हणून चित्र काढत बसलेली. तिची आई प्राजक्ता पोहे आणि कागदी कपातून चहा आणायची. क्लायंटकडे काही खायचं-प्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण मराठी घरात चहाला नाही कसं म्हणायचं? मी प्यायले. वर मनात म्हटलं, चार वर्षांत अमेरिकन झाली, कप विसळायचाही कंटाळा.

त्या मंगळवारी मात्र मी न कळवता गेले होते. साडेचार वाजले होते, रियाची स्कूल बस नुकतीच गेली होती. फोन ठेवून बेल वाजवली. प्राजक्ताने दार उघडलं. तिचा ओठ फुटला होता.

आतून सचिनचा आवाज येत होता. "टीचरची ईमेल आलीये. व्हाय डिड यू पुश हर? आन्सर मी."

"लीव्ह मी अलोन," रिया किंचाळली.

पाठोपाठ स्टीलचा डबा भिंतीवर आदळला. सचिन स्वयंपाकघराच्या दारात वाट अडवून उभे होते.

"सचिन, दारातून बाजूला व्हा. आणि आता एक शब्दही बोलू नका."

ते बाजूला झाले. रिया माझ्या शेजारून धावत वर गेली आणि वीसेक मिनिटं स्वतःच्या खोलीच्या दाराला लाथा घालत राहिली. मग शांत झाली.

प्राजक्ता सवयीने चहा ठेवायला वळली. कप काढावेत म्हणून मी कपाट उघडलं. आत कागदी कपांचं पाकीट, बाकी काही नाही.

"फुटण्यासारखं काही उरलंच नाही, ताई," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "मग तक्त्यात शून्य का लिहिलंत?"

"मीनलताई, तुम्ही आपल्यातल्या," सचिन म्हणाले. "महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ओळखता. त्यात ग्रीन कार्डचं चाललंय. रेकॉर्डवर कशाला आणायचं, यार?"

"मी मंडळात बोलले तर माझं लायसन्स जाईल. आणि रियाने फोडलेला हिचा ओठ कुठे लपवणार? तुमच्या टेस्टरने तीन आठवडे बग लपवला असता तर काय केलं असतंत?"

मागचं आठवून भरतो, असं ते पुटपुटले. मी नाही म्हटलं. खोट्यावर अंदाज चढवला म्हणून ते खरं होत नाही. जुने तक्ते भरवशाचे नाहीत असं मी इन्शुरन्सला लिहून दिलं. त्यात माझीही नाचक्की होती.

त्या मंगळवारपासून तीन दिवस त्यांनी खरं लिहिलं. तिन्ही दिवस तेच: बस आली, वडिलांनी जाब विचारला, भडका. म्हणून नियम केला. घरी आल्यावर अर्धा तास खाणं, प्रश्न नाहीत. भडकलीच तर वाट मोकळी ठेवायची, बोलणं कमी. इन्शुरन्सने तीनच दिवसांचा डेटा म्हणून निम्मे तास कापले. तिथल्या बाईंशी मी फोनवर भांडले. उपयोग झाला नाही.

तीन महिने झाले. रोजचा भडका आता आठवड्यातून एकदा येतो. गेल्या गुरुवारी रियाने नवा काचेचा कप फोडला. प्राजक्ताने तुकडे गोळा करायच्या आधी तक्ता भरला.

पाहुणी म्हणून गेलं की मांडलेलं तेवढंच दिसतं, हे कळायला मला तीन चहा लागले. आता नव्या घरी चहा घेत नाही आणि आधी स्वयंपाकघरातली कपाटं दाखवा म्हणते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.