जावयाला मीठ चालत नाही

परक्या पुरुषाला भरल्या खोलीत, खणखणीत आवाजात "आज किती वेळा झाली?" असं विचारून त्याची अब्रू शाबूत ठेवील अशी बाई अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि ती आमच्या जळगावात केमोच्या खोलीत बसते. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेचा धडा आला की मोठं आतडं मी तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकत असे, न जाणो कोणी शंका विचारली तर! त्या आतड्याने निवृत्तीनंतर सूड उगवला. गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि दर तीन आठवड्यांनी सलाईन आणि मधले चौदा दिवस गोळ्या अशी शिक्षा ठोठावून मला ह्या सिस्टरांच्या हवाली करण्यात आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तो प्रश्न टाकला. मी खिडकीबाहेर बघत पुटपुटलो, "व्यवस्थित." त्या म्हणाल्या, "सर, व्यवस्थित हा आकडा नाही. आकडा सांगा." शेजारच्या खुर्चीतला माणूस आपणहून "माझी तीन" म्हणाला, त्याच्या पलीकडचा "दोन" म्हणाला, आणि मी आयुष्यात प्रथमच वर्गातल्या मागच्या बाकावर बसल्यासारखा हळूच "दोन" म्हणालो.

सिस्टर मूळच्या साक्रीकडच्या. उंची बेताची, चष्मा नाकाच्या टोकाला. औषधांची लांबलचक इंग्रजी नावं, त्यांची मापं, कुठलं किती वेळात सोडायचं, सगळं तोंडपाठ. पण पेशंटसमोर ती नावं त्या काढत नसत. "नाव पाठ करून काय करणार? स्वभाव ओळखा," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक औषधाला त्यांनी नात्यागोत्यातला एकेक माणूस नेमून दिला होता. माझ्या सलाईनमधून जायचा तो जावई. एकदा नव्या सिस्टरने त्याच्यासाठी साध्या सलाईनची बाटली उचलली मात्र, आमच्या सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कडाडल्या, "अगं बाई, जावयाला मीठ चालत नाही! साखरेची आण!" माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. मी कारण विचारलं. तेव्हा मिठाच्या पाण्यात हे औषध कसं बिघडतं आणि म्हणून ते ग्लुकोजमधूनच का द्यायचं, हे त्यांनी मला सुई टोचता टोचता इतकं स्वच्छ समजावून सांगितलं की मला माझ्या पस्तीस वर्षांची थोडी शंकाच आली. जावयाचं दुसरं लक्षण म्हणजे त्याला गारठा सोसत नाही. चार-पाच दिवस गार पाणी नाही, फ्रिज उघडायचा नाही, सकाळी लोखंडी फाटकाला हात लावायचा नाही. आमच्यात रावेरचे एक केळीचे व्यापारी होते. ते तिसऱ्याच दिवशी माल बघायला कोल्ड स्टोरेजमध्ये शिरले आणि बोटांना विजेचा झटका बसल्यासारखे ओरडत बाहेर आले. त्यानंतर सिस्टरांनी त्यांच्या मुनिमाला फोन करून कोल्ड स्टोरेजची किल्लीच आठवडाभर दडवून ठेवायला लावली. शेठजींची किल्ली मुनिमाने दडवायची, म्हणजे बघा!

खोलीत दोन रांगा असत. आम्ही आतडेवाले, आमच्या गोळ्या पोटभर जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायच्या. समोर प्रोस्टेटवाले, त्यांच्यातल्या काहींच्या गोळ्या मात्र कडकडीत उपाशीपोटी. "जेवलेले इकडे, उपाशी तिकडे, आणि एकमेकांना सल्ले द्यायचे नाहीत," असा हुकूमच होता. त्या उपाशी रांगेत पारोळ्याकडचे एक नाना होते, सत्तरीचे, भारदस्त मिशांचे. त्यांना तीन महिन्यांनी एक इंजेक्शन मिळे, पुरुषी हार्मोन बंद पाडणारं. त्यापायी त्यांना एकाएकी अंगातून गरम वाफा येत, घाम फुटे, उगाच रडू येई. नाना घाबरून गेले. "सिस्टर, माले काय व्हयनं? हाई भट्टी मन्हा आंगमा कोनी पेटाडी?" सिस्टरांनी शांतपणे त्यांच्या बायकोची, अक्कांची आठवण काढली, "नाना, अक्कास्ले बी असंच व्हये ना पंधरा वरीस पहिले? तवय तुमी काय म्हने?" नानांनी मिशांवरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मी म्हनू, नाटकं करस." पुढच्या खेपेला अक्का बरोबर आल्या त्या हसतच. नानांनी चुलीजवळ पंखा बसवून दिला होता, आणि रोज संध्याकाळी दोघं त्याच्यासमोर बसून वारा खात होती. औषधाच्या पत्रकावर हा परिणाम छापलेला नसतो, तो सिस्टरांच्या पदरचा.

त्यांची दूरदृष्टी तर विचारू नका. गोळ्या सुरू करायच्या आधी त्या प्रत्येक पेन्शनरला बजावत, "अंगठ्याची कामं उरकून घ्या." मला ही बाई जरा अतीच करते असं वाटलं. दोन महिन्यांत तळहाताची सालं निघाली, बोटं गुळगुळीत झाली, आणि रेशनच्या मशीनने मला ओळखायला साफ नकार दिला. दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही तुम्हीच आहात हे मला माहीत आहे, पण मशीनला पटत नाही." हयातीचा दाखला मात्र सिस्टरांच्या धाकाने मी आधीच देऊन बसलो होतो, म्हणून सरकारदरबारी जिवंत राहिलो.

आणि त्यांचा शेवटचा नियम असा, की पुरुषाच्या तब्येतीची चौकशी पुरुषाकडे करायचीच नाही. सलाईननंतर आठव्या दिवशी प्रत्येकाला फोन, आणि पहिलं वाक्य, "वहिनींकडे द्या." वाण्याला नाही सोडलं, वकिलाला नाही सोडलं. मला मात्र एकदा सोडलं.

झालं असं, की तिसऱ्या सलाईननंतर आमच्या मेव्हण्याच्या मळ्यात भरताची पार्टी होती. हिवाळ्याचे दिवस, तुराट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ओंजळभर मिरच्या, पातीचा कांदा. खानदेशात जन्मलेला माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही, आणि म्हटलं तरी मेव्हणा ऐकत नाही. मी दोन घासच खाल्ले, असं मी अजूनही सांगतो. दुसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले. चार झाले, सहा झाले. आता खानदेशी माणसाला भरतानंतर जुलाब झाले तर तो दोष मिरचीला देणार की गोळ्यांना? मी शास्त्रशुद्ध विचार केला: कारण मिरची, उपाय ताक, आणि औषधाचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे तर मीच पोरांना शिकवलेलं. जेवण जाईना, तरी दोन घास बळेच ढकलून मी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत राहिलो. आठव्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. "सर, पोट कसं आहे?" मी म्हणालो, "एकदम ठणठणीत." त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," आणि फोन ठेवला.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत कोसळलो. बायकोने पहिला फोन डॉक्टरांना नाही, सिस्टरांना केला. पलीकडून एकच वाक्य आलं, "गोळ्या बंद, आत्ताच्या आत्ता, आणि रिक्षात घाला." रक्तदाब पाताळात, मूत्रपिंडं संपावर, डॉक्टर बायकोला बाजूला नेऊन जे बोलले ते तिने मला पुढे कितीतरी दिवस सांगितलं नाही. दोन दिवस मी ह्या काठावर की त्या काठावर, कोणालाच सांगता येत नव्हतं. सिस्टर सकाळ-संध्याकाळ येत, सलाईनचे थेंब बघत, विचारत, "किती वेळा?" मी खरा आकडा सांगे. त्या लिहून निघून जात. मला त्या बोलल्या नाहीत ह्याचं फार वाईट वाटलं. नानांना झापतात, शेठजींना झापतात, आणि आपण एवढा मोठा गाढवपणा करूनही दोन शब्द नाहीत? म्हटलं, आपण त्यांच्या मनातून उतरलो.

पुढे डोस कमी केला, उरलेल्या खेपा निभावल्या, बरा झालो. परवा तपासणीचा रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. सहज भेटावं म्हणून केमोच्या खोलीपर्यंत गेलो, तर आतून आवाज आला. कोणी नवा पेशंट असावा, कारण त्या म्हणत होत्या, "तुमचं मी ऐकणार नाही भाऊ, तुमच्या मंडळींनाच विचारणार. एक सर होते माझ्याकडे. फार हुशार, फार चांगला माणूस. सर म्हणतात ना, मग खरंच असेल, असं म्हणून मी वहिनींना विचारलंच नाही. चूक माझी. त्यांचा जीव जात होता, आणि मी दोन दिवस त्यांच्या पलंगाजवळ उभी राहायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. घरी गेले की ताटावरून उठायची." मग जरा थांबून, "वाचले. देवाने वाचवलं मला."

मला, म्हणाल्या. त्यांना नाही, मला.

आत जाऊन सांगायला हवं होतं, की चूक तुमची नव्हती हो सिस्टर, खोटं मी बोललो होतो. दाराच्या कडीला हातही लावला होता. पण आतून तोच खणखणीत प्रश्न आला, कोणीतरी चाचरत आकडा सांगितला, आणि त्या कामाला लागल्या. मी थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसलो, डोळे पुसले आणि घरी आलो. जायला हवं एकदा. अजून गेलो नाही.