यासीनभाईंची पऱ्हाटीची वीट

यासीनभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोन करून कळवलं. मी प्रयोगशाळेत होतो. ‘अब्बांच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर होता सर...’ एवढंच ती म्हणाली. त्यांना एक गोष्ट सांगायची मी चार महिने पुढे ढकलत होतो. त्या फोनला आता दीड महिना होईल, पण मनातली टोचणी कमी होत नाही.

यासीनभाई लासूर स्टेशनचे गवंडी. कापूस वेचून झाला की शेतातल्या वाळक्या पऱ्हाट्या लोक पेटवून देतात, ते त्यांना बघवत नसे. त्याच पऱ्हाट्या बारीक तोडून, चुना-माती मिसळून त्यांनी विटा पाडायला घेतल्या. पहिल्या विटांचा हातात घेताच भुगा झाला. मग त्यांनी तुकडे आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून, वाळवून वापरले, आणि वीट जमली. तशा दोन विटा गोणपाटात गुंडाळून ते संभाजीनगरला आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात आले. ‘सर, मशीनवर दाबून बघा. लेकीची खोली बांधायची हाय.’

सिमेंट अठ्ठावीस दिवसांत पक्कं होतं, त्या सवयीनं मी तेवढ्याच दिवसांनी एक वीट यंत्रात दाबली. ती लगेच चिरडली. निकाल घ्यायला आले तेव्हा मी म्हणालो, ‘भाई, भिंतीला चालणार नाही.’

‘अजून थोडं दिवस ठिवून बघायचं का सर? चुना सावकाश धरतो...’

मी हसलो. मला वर्गावर जायची घाई होती. अहवालाची घडी खिशात घालून ते निघून गेले. दुसरी वीट खिडकीत पडून राहिली.

वर्षभरानं आवराआवर करताना ती हाती लागली. सहज यंत्रात ठेवली. काटा मागच्या आकड्याच्या पुढं गेला आणि चढतच राहिला... साध्या एकमजली घराची भिंत तिनं आरामात पेलली असती. घाई माझीच झाली होती. कितीदा फोन हातात घेतला, पण एका गवंड्यापुढं चूक कबूल करायला जीभ रेटेना. उद्या करू, म्हणत राहिलो.

परवा लासूरला त्यांच्या घरी गेलो. भाभी मला मागच्या दारी घेऊन गेल्या. शेळ्यांच्या गोठ्याची भिंत त्याच विटांची होती. कुठं तडा नव्हता. लेकीची खोली मात्र पत्र्याची. ‘तुमचा कागद आला अन् त्यांनी साचा फोडून चुलीत घातला,’ भाभी म्हणाल्या. ‘म्हणायचे, सर शिकलेले हायेत, ते कशाला चुकतील?’

मी सगळं खरं सांगितलं. भिंतीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘हे त्यांना सांगायला पायजे होतं, सर.’

आणि शेळ्यांना चारा टाकायला आत गेल्या.