बिनफवारणीची वांगी

शेवटच्या संध्याकाळी मी आणि माझी बायको मार्था वांग्याचे किडके शेंडे हातानं खुडत होतो. मी वैतागलो. "औषध फवारू की! प्रभू येतोय का अळ्या वेचायला?"

"त्यानं तुम्हाला हात दिलेत. तोंड कमी चालवा."

गावात सगळे घरापुरती एक सरी बिनफवारणीची ठेवतात, बाकीची फवारून विकतात. आपण खाणार नाही ते शेजाऱ्याला विकायचं, याला ती पाप म्हणायची. लोकांना पाप दारूत दिसतं, हिला फवारणीच्या पंपात दिसायचं. निम्मं पीक किडायचं आणि ही शांत झोपायची. त्या रात्री झोपली ती उठलीच नाही.

माती दिली, त्याच्या दुसऱ्या सकाळी शेजारणीनं भाकरी आणली. जेवणाआधीची प्रार्थना कायम मार्थाच म्हणायची, मी नुसतं आमेन. डोळे मिटून बराच वेळ थांबलो. मग आमेन म्हणालो आणि भाकरी मोडली.