सातव्या फ्रेटची खरखर

गायन पार्टीत वाद्य एकाचं असतं आणि हात सगळ्यांचे लागतात, म्हणून किस्से काही संपत नाहीत. माझे तर सगळे एकाच फ्रेटवर जमलेत. ऐकणारे हसतात. मला अजून राग येतो.

आमची पार्टी रुआबांध्याची, बहुतेक सगळे स्टील प्लांटमधले. मी बास गिटार वाजवतो. तिच्या दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्या फ्रेट. गेल्या पावसाळ्यापासून सातव्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार खरखरायची. आणि आमची निम्मी गाणी तिथूनच सुरू होतात.

*

सगळ्यात जास्त कुरकुर शालिकमामांची, आमच्या मुख्य गायकांची. दर तालमीला तेच, "तुह्या गिटारात माशी शिरली काय बे?"

मामा स्वतः माईकमध्ये मनसोक्त खोकतात. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

*

जयंतीचा कार्यक्रम जवळ आला तसा कीबोर्डवाला राकेश माझ्यावर दया करायला लागला. म्हणे, "भैया, टेन्शन मत लो. बास मी डाव्या हातानं काढून देईन."

आणि पार्टीनं लगेच माना डोलावल्या! जयंतीपर्यंत गिटार नीट झाली तर ठीक, नाहीतर मी समोर खुर्चीवर बसून ऐकायचं. हे मला, ज्यानं या पोराला पार्टीत आणलं.

*

ढोलकीवाले मेश्रामभाऊ प्लांटमध्ये फिटर. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात यांनी कानस काढून सातवी फ्रेट घासून ठेवली. वर मलाच समजावलं, "जे आवाज करते, त्यालेच घासा लागते."

अहो, उचलली गेली होती आठवी! तार तिला घासत होती. सातवी बिचारी आणखी खाली गेली आणि खरखर दुप्पट झाली. भाऊ म्हणाले, वाजवत राहा, सेट होईल. माझं डोकंच फिरलं.

*

दुर्गच्या दुकानदारानं गिटार पिशवीतून काढूसुद्धा दिली नाही. नवीनच घ्या म्हणाला.

मग मीच बसलो. सोल्डरिंग आयर्ननं सातवी फ्रेट तापवली, पकडीनं हळूहळू उपटली. लाकडाचा टवका निघाला, तो चिकटवला. नवी फ्रेट लाकडी हातोडीनं बसवली, आठवी ठोकून खाली घेतली, स्टीलची फूटपट्टी ठेवून दोन्ही सारख्या घासल्या. मेश्रामभाऊ मदतीला आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं.

सूर असा स्वच्छ आला की मी एकटाच हसलो. राकेशला फक्त 'बास मीच वाजवणार' एवढं बजावलं, बाकी रागात कोणाला काही सांगितलं नाही. थेट स्टेजवर ऐकवायचं ठरवलं.

*

जयंतीला कोहक्याच्या स्टेजवर पहिलंच गाणं. सातव्या फ्रेटवर बोट ठेवलं. गोल, भरदार सूर. मी ऐटीत मामांकडे पाहिलं.

मामा गप्प. सुरुवातीचं म्युझिक फिरून आलं, मामा गप्पच. आणखी एकदा फिरवलं. मेश्रामभाऊंना घाम फुटला, राकेशनं दोन्ही हात लावून होतं नव्हतं ते वाजवून टाकलं. समोर लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी मी सरकत त्यांच्याजवळ गेलो. "मामा, कावून थांबले?"

मामा माझ्यावरच डोळे वटारून बोलले, तेही माईकवर.

"खरखर आली का मी गाणं उचलतो. तुले कोणं सांगतलं होतं रिपेर कराले?"