बाहेरचं काही नाही

"लिम्फोमा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. मधुरा माझी एकुलती एक लेक, सत्तावीस वर्षांची. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. मानेवरची गाठ ती चार महिने कंपनीच्या बसमध्ये चोळत बसली होती. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच घरातली गाठ मला दिसली नाही.

केमोथेरपी ठरली, दर पंधरा दिवसांनी. शिरेतून चार औषधं. त्यातलं एक विन्ब्लास्टिन. "हे मूळचं सदाफुलीतलं बरं का, सर," डॉक्टर म्हणाले. मला धीर यावा म्हणून म्हणाले असतील. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला.

आमच्या सदाशिव पेठेतल्या गॅलरीत सदाफुलीच्या कुंड्याच कुंड्या. मला स्वस्थ बसवेना. सायबर कॅफेत जाऊन सदाफुलीवरच्या माहितीचा गठ्ठा छापून आणला, लाल पेनाने खुणा केल्या. पंधरा दिवस नुसती वाट बघायची म्हणजे काय? दुसऱ्या केमोनंतर मी रोज सकाळी पाच कोवळी पानं वाटून तिला रस देऊ लागलो.

"बाबा, डॉक्टरांना विचारलंत?"

"अगं, त्यांच्या सलाईनमध्ये आहे तेच हे."

ती नाक दाबून प्यायली. माझ्यावर तिचा विश्वास होता, हेच आता टोचतं.

चौथ्या केमोआधी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी इतक्या खाली, की डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. "बाहेरचं काही घेताय का?" त्यांनी विचारलं.

"छे हो, सगळं घरचंच," मी म्हणालो. आणि आपण खोटं बोललो असं मला वाटलंसुद्धा नाही. आमच्याकडे बाहेरचं म्हणजे वडापाव, नाहीतर कुणा वैदूची पुडी. कुंडी तर घरचीच.

मधुरा हळूच म्हणाली, "बाबा, पानांचं सांगा ना."

सांगितलं. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सर, ढीगभर पानांतून ते चिमूटभर निघतं. शुद्ध करून, तिच्या उंची-वजनाप्रमाणे मोजून मी देतो. पानांत आणखी कितीतरी विषारी द्रव्यं असतात. पेशी केमोने उतरल्या की तुमच्या रसाने, हे आता मला कळणारच नाही. मग पुढचा डोस कशावरून ठरवू?"

रस बंद, आणि पेशी इतक्या कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो, तेव्हा ताप आला तर लगेच दाखल करा, असं बजावून त्यांनी घरी पाठवलं. पुढचे नऊ दिवस मी तासातासाला थर्मामीटर घेऊन तिच्यासमोर. "बाबा, टेस्टिंग माझं काम आहे, तुम्ही बसा," ती म्हणायची. मी बसायचो, लगेच उठायचो. माझ्या हुशारीपायी पोरगी हातची जाते की काय, या भीतीने रात्रीही उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायचो.

दहाव्या दिवशी पेशी वर आल्या. उरलेल्या केमो पार पडल्या, गाठी विरल्या, मधुरा पुन्हा कंपनीच्या बसमध्ये चढली. सदाफुलीच्याच औषधाने, पण डॉक्टरांच्या मापाने. त्या माणसाचे उपकार कसे फेडू? कुंड्या मी उपटल्या नाहीत. फुलांचा काय दोष?

तपासणीला आम्ही अजून जातो. बाकावर कुणी नवीन दिसलं की मी विचारतो, "घरचं काही देताय का?" बाहेरचं नाही, घरचं.

परवा समोरच्या बाकावरच्या बाईंनी ते ऐकून पिशवीतली स्टीलची बाटली पदराखाली सरकवली. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.